बतहरी: वीसपेक्षा कमी माणसांची भाषा आणि ती टिपून ठेवायची धडपड

ओमानचा नकाशा काढा आणि सलालापासून किनाऱ्या-किनाऱ्याने पूर्वेला सरकत जा. ताका, मिरबात, सादाह, हदबीन, हासिक अशी गावं लागतात, मग डोंगर सरळ समुद्रात उतरतो, आणि त्या कड्यांच्या पलीकडे शुवैमिया आणि अजून पुढे शरबिथात. आता हासिकहून शुवैमियाला कडे फोडून मस्त रस्ता केलाय, लोक ड्रोन घेऊन व्हिडिओ काढायला जातात. पण हा रस्ता व्हायच्या आधी हासिकला जग संपायचं, पलीकडे जायचं तर होडीने किंवा आतल्या वाळवंटातून लांबचा वळसा घालून. या पलीकडच्या पट्ट्यात बताहिरा नावाची एक छोटी टोळी राहते आणि त्यांची भाषा बतहरी. 2010च्या दशकात ही भाषा नीट बोलता येणारी माणसं वीसपेक्षा कमी उरली होती आणि तीही सगळी वयस्कर. युनेस्कोच्या यादीत ती अगदी शेवटच्या, म्हणजे अतिगंभीर गटात आहे.

मी हे प्रकरण लिहायला घेतलं कारण भाषा वाचवा, भाषा वाचवा असं आपण सगळेच म्हणतो पण प्रत्यक्षात एखादी भाषा 'टिपून ठेवायची' म्हणजे कोण काय करतं, त्यातलं काय जमतं आणि काय हातातून निसटतं, हे एका केसवरून जितकं कळतं तितकं दहा भाषणांतून कळत नाही. शिवाय मी रत्नागिरीकडचा, त्यामुळे समुद्र, मासेमारी आणि पावसाळ्यात बंद पडणारा किनारा म्हटलं की जरा जास्तच रस वाटतो. त्यांचा पावसाळा आणि आपला पावसाळा एकच आहे बरं का. तोच नैऋत्य वारा. तिथे त्या ऋतूला खरीफ म्हणतात, आपला 'खरीप' हा शब्दसुद्धा तिथूनच आला, अरबीतून फारसीमार्गे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र एवढा खवळतो की होडी घालायची सोय नाही, आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे तो वारा धो धो पाऊस पाडतो आणि तिथे तो किनाऱ्यालगतचं खोलातलं थंड पाणी वर खेचतो, आणि त्या पाण्यावर माशांची चंगळ होते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बतहरी ही अरबीची बोली नाही. आपल्याला वाटतं अरबस्तान म्हणजे अरबी, विषय संपला. पण ओमानच्या धोफार प्रांतात आणि त्याच्या शेजारच्या माळावर, येमेनच्या पूर्व टोकाला आणि सोकोत्रा बेटावर मिळून सहा भाषा अशा आहेत की ज्या अरबी, हिब्रू, इथिओपियातल्या अम्हारी यांच्यासारख्याच सेमिटिक कुटुंबातल्या, पण वेगळ्या फांदीवरच्या. मेहरी, सोकोत्री, शेहरी, हरसूसी, होब्योत आणि बतहरी. यांना 'आधुनिक दक्षिण अरबी भाषा' म्हणतात, आणि हे नाव जरा फसवं आहे कारण त्या अरबी पण नाहीत आणि शिलालेखांत सापडणाऱ्या जुन्या सबाई वगैरे भाषांच्या सरळ वंशातल्याही नाहीत. (शेहरी म्हणजे आपलं 'शहरी' नव्हे, उलट ती डोंगरातल्या लोकांची भाषा, तिचं दुसरं नाव जिब्बाली म्हणजे डोंगरी. हे मराठीत लिहिताना दर वेळी गंमत वाटते.) मेहरीत 'एक' म्हणजे 'ताट' आणि 'दोन' म्हणजे 'थ्रो', अरबीत वाहिद आणि इथनान, यावरूनच अंदाज येईल. नुसतं अरबी येणाऱ्या माणसाला मेहरी बोललेलं कळत नाही.

या कुटुंबात काही फार जुन्या गोष्टी टिकून राहिल्यात. शाळेत संस्कृतला 'बालकः बालकौ बालकाः' घोकलंय ना, तसं द्विवचन मेहरीत सर्वनामांना आणि क्रियापदांनाही आहे, आम्ही दोघं वेगळं आणि आम्ही सगळे वेगळं. दुसरं म्हणजे एक आवाज आहे जो जिभेच्या टोकावरून न काढता जिभेच्या बाजूने हवा सोडून काढायचा, 'श' आणि 'ल' यांची कुणीतरी मोट बांधल्यासारखा. हा आवाज मूळ सेमिटिक भाषेत होता असं मानतात, बाकी ठिकाणी तो केव्हाच मोडला, इथे लोक रोज घरात वापरतात. आणि तिसरं, काही व्यंजनं अशी की घशात हवा अडवून फटकन सोडायची. या तिसऱ्या गोष्टीकडे मी परत येणार आहे कारण त्यातच कागद आणि टेप यांच्यातला फरक आहे.

आता, बतहरी एवढी आकसली कशी.

बताहिरा पहिल्यापासूनच थोडे आणि गरीब. मागे कडे, पुढे समुद्र, चार शेळ्या, मासेमारी, कपारीत नाहीतर गुहेत आसरा. आजूबाजूला त्यांच्यापेक्षा मोठी आणि जोरकस टोळी म्हणजे जनबा, आणि ते अरबी बोलणारे. त्यामुळे बाजार, भांडण, सोयरिक, सगळ्यात अरबी आधीपासूनच घुसलेली. तरीही भाषा टिकली होती, कारण बाहेरचं कुणी फारसं तिथे यायचंच नाही आणि गरिबी सगळ्यांना एकाच कपारीत बांधून ठेवायची. समोरची खुरिया मुरिया बेटं, आता हल्लानियात म्हणतात, ती मस्कतच्या सुलतानाने 1854 मध्ये इंग्लंडच्या राणीला देऊन टाकली होती, इंग्रजांना तिथली पक्ष्यांची विष्ठा हवी होती खतासाठी, आणि ती बेटं ओमानला परत मिळाली थेट 1967 मध्ये. म्हणजे साम्राज्य अगदी समोर येऊन गेलं पण किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडातली भाषा तेव्हा हलली नाही.

हलली ती 1970 नंतर. त्या वर्षी सुलतान काबूस गादीवर आला. तेव्हा अख्ख्या ओमानात तीन शाळा होत्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. धोफारात तर 1965 पासून युद्ध चालू होतं, ते 1975 च्या सुमारास संपलं आणि त्यानंतर तेलाच्या पैशातून रस्ते, दवाखाने, शाळा, सिमेंटची घरं, सरकारी नोकऱ्या हे सगळं एका पिढीत आलं. मी याला वाईट म्हणणार नाही. कपारीत राहून बाळंतपणात बायका गमावणाऱ्या माणसाला तुम्ही 'भाषेसाठी तिथेच रहा' सांगणार का. पण शाळा आली ती अरबीतून, टीव्ही आला तो अरबीतून, नोकरीचा फॉर्म अरबीत. बतहरी कुणी मारली नाही, बंदी नाही, छडी नाही. फक्त जिथे जिथे ती लागायची त्या जागाच एकेक करून बंद पडल्या. शेळ्यांमागे हिंडणं कमी झालं, गुहा सुटली, होडीला इंजिन आलं, मासे पिकअपमधून थेट बाहेर जायला लागले. आईबापांना वाटलं पोरांनी शिकावं, पुढे जावं, आणि तोंडात ही भाषा राहिली तर लोक मागासलेलं म्हणतील. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही बोलीबद्दल तसंच्या तसं लिहिता येईल, जाऊ दे.

आता टिपून ठेवण्याकडे येऊ. यात मुंबईचा एक धागा आहे जो मला फार आवडतो. 1840च्या दशकात मुंबई सरकारच्या आरमाराचं 'पॅलिन्युरस' नावाचं जहाज या सगळ्या किनाऱ्याचा सर्व्हे करत होतं. त्याच्यावरचा डॉक्टर हेन्री जॉन कार्टर. हा माणूस पुढे भूगर्भ आणि स्पंज यावर काम करून नावाजला, पण त्या फेरीत त्याने महरा टोळीची माहिती आणि त्यांच्या भाषेची, म्हणजे मेहरीची, शब्दयादी गोळा केली आणि ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात 1847 मध्ये छापून आली. म्हणजे टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून आपण ज्या बिल्डिंगचे फोटो काढतो त्या संस्थेने ही यादी छापली. (त्याच जहाजावरच्या वेलस्टेड नावाच्या अधिकाऱ्याने 1834 मध्ये सोकोत्रा पालथं घालून तिथल्याही भाषेचे शब्द आणले होते.)

पण शब्दयादी म्हणजे काय असतं बघा. डॉक्टर विचारतो, हे काय, समोरचा सांगतो, डॉक्टर आपल्या कानाला जे ऐकू आलं ते आपल्याकडे असलेल्या अक्षरांत लिहितो. आता ज्या भाषेत 'ळ' नाही त्यांनी टिळकांचं काय केलं आठवा, इंग्रजीत लिहिताना सरळ 'तिलक' झालं आणि आज निम्मा देश तसंच म्हणतो. तेच इथे. जो आवाज अक्षरातच नाही तो यादीत येतच नाही, आणि नंतर ती यादी वाचणाऱ्याला तो कधी होता याचा पत्ताही लागत नाही.

पुढे 1898 पासून व्हिएन्नाच्या अकादमीने मोहीम काढली, म्युलर आणि हाइन वगैरे लोकांनी मेहरी, सोकोत्री, शेहरीच्या गोष्टी, गाणी उतरवून जाडजूड खंड काढले, काही बोलणाऱ्यांना तर थेट व्हिएन्नाला नेलं. बतहरी त्यात नाहीच. बतहरीचं नाव भाषा-अभ्यासात ठळकपणे आलं ते बर्ट्रम थॉमसमुळे. हा मस्कतच्या सुलतानाचा अर्थमंत्री, 1930-31 च्या हिवाळ्यात सलालाहून निघून रुब अल खाली वाळवंट पार करणारा पहिला युरोपियन. त्याने 1937 मध्ये दक्षिण अरबस्तानातल्या 'चार विचित्र भाषां'वर एक निबंध छापला, त्या चारांत बतहरी होती. 'विचित्र' हा शब्द त्याचा, माझा नाही. थॉमस भाषातज्ज्ञ नव्हता आणि त्याला ते माहीत होतं, तरी त्याचे उपकार मानायला हवेत, कारण त्याने निदान नोंद केली की बाबांनो, इथे अशी एक वेगळी भाषा आहे.

मग येतो टी. एम. जॉन्स्टन, लंडनच्या सोआसमधला, म्हणजे आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या संस्थेतला, अरबीचा प्राध्यापक. याच्याकडे टेप रेकॉर्डर होता आणि कान होता. 1975 मध्ये त्याने छापून सांगितलं की या भाषांतली ती 'जड' व्यंजनं अरबीसारखी घसा दाबून काढलेली नाहीत, ती हवा अडवून फटकन सोडलेली आहेत, इथिओपियातल्या भाषांसारखी. ऐकायला बारीक वाटतं पण यामुळे मूळ सेमिटिक भाषा कशी उच्चारली जायची याबद्दलचा अख्खा वाद फिरला. सव्वाशे वर्षं लोक लिहून नेत होते, व्हिएन्नाने खंडच्या खंड काढले आणि ही गोष्ट कागदावर नीट आलीच नव्हती. जॉन्स्टनने 1977 मध्ये हरसूसीचा कोश काढला, 1981 मध्ये जिब्बालीचा, 1983 मध्ये तो वारला, मेहरीचा कोश 1987 मध्ये त्याच्या मागे निघाला. बतहरीचा कोश त्याच्या हातून झाला नाही. रांगेत सगळ्यात छोटी भाषा सगळ्यात शेवटी, हे या केसमध्ये परत परत होतं.

मग या प्रकरणातलं मुख्य माणूस, मिरांडा मॉरिस. या बाई सत्तरच्या दशकापासून धोफारात. आणि त्यांच्या कामाची पद्धत हाच माझ्या मते या सगळ्या केसचा गाभा आहे. त्या फक्त भाषा गोळा करायला बसलेल्या नव्हत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी मिलर यांच्याबरोबर त्यांनी धोफारच्या झाडझुडपांवर एक मोठा ग्रंथ केला, 1988 मध्ये आला, त्यात कुठलं झाड कशासाठी वापरतात, कुठलं गुरांना घालतात, कुठल्याने कातडं कमावतात, कुठल्याने जखम बरी होते, आणि प्रत्येकाला स्थानिक नाव काय. पुढे 2004 मध्ये सोकोत्रावरही तसाच. म्हणजे यांचा प्रश्न 'तुमच्या भाषेत झाडाला काय म्हणता' असा नसायचा. प्रश्न असायचा की ही फांदी का तोडली, या शेळीला हे का देत नाही, दूध आटलं तर काय करता, जाळं कशाचं विणता. आणि माणूस कामाबद्दल बोलायला लागला की भाषा आपोआप बाहेर पडते, आणि ती खरी भाषा असते, शब्दयादीतली नव्हे.

यावर माझा स्वतःचा एक फजितीचा अनुभव. एमएला असताना आम्हाला बोलीचा एक प्रोजेक्ट होता, तर मी गावी जाऊन आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना घेऊन बसलो, वही, पेन, मोबाईल रेकॉर्डिंगला, आणि म्हटलं आजोबा, जाळ्यांची नावं सांगा. ते म्हणाले रापण, डोल, पागेर. मग गप्प. मी म्हटलं अजून? म्हणाले अजून काय, जाळं ते जाळं. मी हिरमुसून वही मिटली, चहा आला, आणि बाहेर वारा फिरला तसे ते उठून दारात गेले आणि शेजाऱ्याशी बोलायला लागले, मतलई कसा आहे, उद्या उधाण की भांग, कुठल्या बाजूने जाळं टाकलं तर पाणी ओढेल, त्या दहा मिनिटांत मला माहीत नसलेले वीसेक शब्द येऊन गेले असतील आणि माझा मोबाईल आत टेबलावर, रेकॉर्डिंग बंद. सांगायचा मुद्दा हा की बताहिरांच्या बाबतीत असं 'दारात उभं राहणं' कुणीतरी चाळीस वर्षं केलं म्हणून आज काहीतरी हातात आहे.

कारण बताहिरांचं रोजचं कामही तसंच होतं. त्या किनाऱ्यावर खडकाला चिकटून बसणारा एक प्राणी मिळतो, अ‍ॅबलोन, एकाच बाजूला कवच असतं, तो बुडी मारून खरवडून काढायचा. आता त्याला परदेशात सोन्यासारखा भाव आहे म्हणून सरकार वर्षातले मोजकेच दिवस परवानगी देतं. मग मुशी, तिचं मांस खारवून सुकवायचं. तारली सुकवून उंटांना घालायची, हो, उंट मासे खातात तिथे. शेळ्या, उंट, पाणी कुठल्या कपारीत कधी साठतं, पाऊस आला नाही तर काय म्हणून प्रार्थना करायची, बाळंतिणीला काय द्यायचं. या प्रत्येक गोष्टीला क्रियापदं असतात, आणि भाषा मरते तेव्हा नामं एक वेळ राहतात, क्रियापदं आधी जातात. हे मी कुठल्या अभ्यासातून सांगत नाही, आपल्याच घरात बघा ना, 'पाटा-वरवंटा' अजून सगळ्यांना माहीत आहे पण पाटा 'टाकवून घेणं' म्हणजे काय ते किती जणांना येतं.

2013 ते 2016 या काळात इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात लेव्हरह्युम ट्रस्टच्या पैशावर एक मोठा प्रोजेक्ट झाला. जॅनेट वॉटसन प्रमुख, मॉरिस आणि डॉमिनिक इड्स बरोबर. हेतू सहाही भाषांचं ऑडिओ-व्हिडिओ डॉक्युमेंटेशन. वॉटसन मुख्यतः मेहरी आणि शेहरीवर, इड्स हरसूसीवर, आणि बतहरीची बाजू मॉरिस यांच्याकडे. येमेनात तेव्हा युद्ध भडकलं होतं म्हणून बाहेरच्या लोकांचं बरंचसं काम ओमानच्या बाजूला सरकलं. सगळी रेकॉर्डिंग 'एलार' म्हणजे धोक्यातल्या भाषांच्या आर्काइव्हमध्ये ठेवली, तेव्हा ते लंडनला सोआसमध्ये होतं. मॉरिस यांच्या रेकॉर्डिंगवर आधारून फाबियो गास्पारिनी या इटालियन अभ्यासकाने बतहरीचं व्याकरण लिहायला घेतलं आणि 2018 मध्ये नेपल्सच्या विद्यापीठात त्यावर पीएचडी केली. थॉमसच्या निबंधापासून मोजलं तर एक्क्याऐंशी वर्षं. तोवर बोलणारी माणसं बोटांवर मोजण्यासारखी.

आता इतक्या कमी माणसांबरोबर काम करताना काय अडचणी येतात ते जरा बघू, कारण रिपोर्टमध्ये हे दोन ओळींत उरकतात.

एक तर बोलायला जोडीदार नाही. वीस माणसं असली तरी ती एका घरात नसतात. कोण शुवैमियात, कोण शरबिथातला, कोण आजारी, कुणाचं कुणाशी पटत नाही. भाषा ही गप्पांत असते आणि गप्पा मारायला कुणी नसेल तर माणूस रेकॉर्डरशी बोलतो, आणि रेकॉर्डरशी बोललेलं कायम भाषणासारखं येतं. दुसरं, या लोकांनी दिवसभर अरबीच बोललेली असते, त्यामुळे एका वाक्यात निम्मे शब्द अरबीचे, मग अभ्यासकापुढे प्रश्न की हा शब्द जुना उसना, कालचा उसना की आत्ता मला कळावं म्हणून वापरला. 'अस्सल' बतहरी शोधायच्या नादात तो काढून टाकला तर तुम्ही स्वतःच एक भाषा तयार करताय जी कुणी बोलत नाही. तिसरं जरा हसू येईल असं, पण कुठल्याही फील्डवर्करला विचारा: म्हाताऱ्या माणसाचे दात. वर सांगितलेला तो जिभेच्या बाजूने हवा सोडायचा आवाज, त्याला दाढा लागतात. समोरच्या आजोबांच्या दाढा नसतील तर तुम्ही जे मोजताय ते भाषेचं वैशिष्ट्य की दंतवैद्याची केस, हे सांगायला दुसरा बोलणारा हवा, आणि त्यालाही दात नाहीत. भाषा मोठी असताना अशी गोष्ट सरासरीत बुडून जाते, इथे एकेक माणूस म्हणजे पाच-दहा टक्के डेटा.

आणि चौथं म्हणजे कुणाचं काय उघडं करायचं. बायकांचे आवाज, घरातल्या गोष्टी, टोळीतली जुनी भांडणं, कुणाच्या आजोबांनी कुणाच्या शेळ्या पळवल्या. एलारसारख्या आर्काइव्हमध्ये म्हणून पायऱ्या असतात, काही सगळ्यांना, काही नाव नोंदवल्यावर, काही विचारल्याशिवाय नाहीच. नेटवर सगळं फुकट आणि उघडं हवं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे खटकतं, मलाही आधी खटकलं होतं. पण पाचपन्नास घरांच्या समाजात 'अनामिक बोलणारी' असं काही नसतं, आवाज ऐकला की शेजारणीला कळतं ही कोण.

आता शेजारच्या मेहरीशी तुलना करतो, कारण त्याशिवाय बतहरीची केस पूर्ण होत नाही. मेहरी बोलणारे लाखाच्या वर आहेत, ओमान, येमेन, सौदीत पसरलेले. तिथे वॉटसन आणि मेहरी बोलणाऱ्या लोकांनी मिळून अरबी लिपीत, जे आवाज अरबीत नाहीत त्यांना जास्तीची चिन्हं घेऊन, लिहायची एक पद्धत बसवली. आपण एकच 'च' चमच्यात आणि चहात दोन वेगळ्या तऱ्हेने वाचतो आणि आपलं काही अडत नाही, कारण आपण लहानपणापासून भाषा ऐकलेली असते; पण ज्या पोराने निम्मीच ऐकलीय त्याला अक्षराने सांगावं लागतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेहरीत मेसेज सुरू झाले. 2020 मध्ये धोफारी मेहरी शिकायचं एक पाठ्यपुस्तक आलं, वॉटसन यांच्याबरोबर लेखक म्हणून मेहरी माणसांचीच नावं आहेत, 'माहिती देणारा' म्हणून तळटीपेत नाहीत. कार्टरच्या यादीत शब्द कुणी सांगितले त्यांचं स्थान काय होतं आणि इथे काय आहे, हा बदल मला लिपीपेक्षा मोठा वाटतो.

याच लोकांनी अजून एक गोष्ट पुढे आणली. या भाषांत दिशा सांगताना डावं-उजवं यापेक्षा समुद्राकडचं, डोंगराकडचं, वाळवंटाकडचं, पाणी वाहतं त्या अंगाचं असं बोलतात. कोकणात 'वरल्या अंगाला, खालच्या अंगाला, उगवतीला' म्हणतात तसं, पण त्याहून पक्कं. आता पोरगं सिमेंटच्या घरात, एसी लावून, खिडकी बंद करून वाढलं तर समुद्र कुठल्या बाजूला हे त्याला बसल्या जागी कळत नाही आणि मग ती दिशेची पद्धत शिकवून शिकत नाही. म्हणजे भाषा जायला शाळाच लागते असं नाही, घराचा प्लॅनही पुरतो.

बतहरीसाठी ना पाठ्यपुस्तक, ना लिपीचा प्रयोग, ना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची बातमी. यावर काही लोक नाराज होतात की सगळा जोर मोठ्या भाषांवर. मला विचाराल तर निर्णय बरोबरच होता. हॉस्पिटलात खूप जखमी एकदम आले की डॉक्टर जे करतात ते इथे झालं, मेहरीला चालवायचं आणि बतहरीचं जितकं जमेल तितकं टिपून घ्यायचं. पंधरा म्हातारी माणसं आणि त्यांची अरबी बोलणारी नातवंडं, यावर तीन वर्षांच्या फंडिंगने शाळा उभी राहत नाही. चूक असेल तर ती आधीची आहे, सत्तर-ऐंशीच्या दशकातली, जेव्हा मधली पिढी तरुण होती, गुहेतून नुकतीच बाहेर आली होती आणि सगळ्यांचं लक्ष तेल, रस्ते आणि, हे खरं आहे, हरणांवर होतं. शेजारच्या हरासीस टोळीच्या माळावर अरबी ओरिक्स नामशेष झाला होता, अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयात जतन केलेल्या कळपातून 1982 मध्ये तो परत आणून सोडला, हरासीसांना राखणदार म्हणून नोकऱ्या दिल्या, 1994 मध्ये तो माळ जागतिक वारसा झाला, आणि 2007 मध्ये यादीतून काढलाही, यादीतून नाव गेलेलं ते जगातलं पहिलं ठिकाण. ओरिक्सची एक जोडी पिंजऱ्यात ठेवून पिल्लं वाढवता येतात. बतहरीला ती सोय नव्हती, पण तेव्हा तिच्या आसपास निदान लहान पोरं होती.

सध्याची परिस्थिती अशी. मॉरिस यांचा संग्रह आहे, गास्पारिनीचं व्याकरण आहे, काही छापील लेख आणि त्यातल्या गोष्टी आहेत. सेमिटिक भाषांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला आता 'बतहरीत काय आहे ते माहीत नाही' असं म्हणून सुटता येत नाही, आणि इतक्या उशिरा सुरू झालेल्या कामाच्या मानाने हे खूपच आहे. एलार 2021 मध्ये लंडनहून बर्लिनच्या अकादमीकडे गेलं, रेकॉर्डिंग तिथून नेटवर मिळतात. मी खातं काढून बघितलं. सगळं इंग्रजीत, आणि भाषेचं नाव रोमनमध्ये, खाली टिंबं दिलेल्या 'टी' आणि 'एच'सकट. शुवैमियात आता मोबाईल आहे, नेट आहे, आणि तिथल्या शाळेतल्या पोराला आपल्या पणजोबांचा आवाज ऐकायचा असेल तर तो तिथे आहे, फक्त शोधायला आधी इंग्रजी वाचता यायला हवं, ऐकून झाल्यावर काय म्हणतायत ते सांगायला कुणीतरी हवं, आणि कळलंच तर जाळं, बुडी आणि कपारीतलं पाणी त्याने कधीतरी पाहिलेलं असायला हवं.